तोंडाला सुटलेलं पाणी

रोज्याच्या दिवसांत आमची अम्मा दुपारनंतर चुलीपाशी बसायची. दिवसभर तिच्याही पोटात पाण्याचा थेंब नसायचा. सालनाचं मीठ ती वासावरून ओळखायची. जिभेच्या टोकाने चाखून थुंकून टाकायला हरकत नाही, असं सांगणारे होते; तिला ते पटत नसे. मी शेजारी बसून आवंढे गिळत असे. ती हसून म्हणायची, ‘पाणी सुटतंय ना, म्हणजे तब्येत बरी आहे तुझी.’

अम्मा शाळेत गेलेली नव्हती. पण तिच्या या वाक्याइतकीच साधी दिसणारी गोष्ट सिद्ध करायला एका माणसाला आयुष्याची अनेक वर्षं घालवावी लागली. त्याचं नाव इवान पावलोव्ह. जन्म १८४९चा, रशियातल्या रियाझान गावच्या पाद्र्याचा मुलगा.

त्या काळी पुष्कळ जाणकारांचं मत असं होतं, की अन्न जठराच्या भिंतीला लागलं म्हणजे पाचक रस पाझरतो. अन्न नुसतं पाहूनही रस सुटतो, असं कुणी कुणी म्हणत होतं. पण ते पटवून देणं कठीण होतं. १८८९-९०च्या सुमारास पावलोव्ह आणि त्यांच्या सहकारी डॉक्टर येकातेरिना शुमोवा-सिमानोव्स्काया यांनी एका कुत्र्याची अन्ननलिका गळ्यापाशी कापून तिची टोकं कातडीला शिवली आणि जठराला एक नळी बसवली. कुत्रं मांस चघळी, गिळी, आणि गिळलेला घास गळ्यातल्या भोकातून खाली ताटलीत पडे. तेच मांस पुन्हा खाई. जठरात कणही पोहोचत नव्हता. तरी पाचेक मिनिटांत नळीतून स्वच्छ, आंबट रस ठिबकू लागे. पुढे तर मांस नुसतं दाखवलं, त्याचा वास दिला, तरी भुकेल्या कुत्र्याच्या जठरात रस येई. मेंदूकडून जठराकडे जाणारी व्हेगस नावाची नस कापली, की हे सगळं थांबे. म्हणजे डोळे आणि नाक आधी मेंदूला सांगतात आणि मेंदू पोटाला निरोप धाडतो: तयार राहा, पाहुणा येतोय.

कुत्र्यांचे हाल वाचताना मला आजही कसंसं होतं, हे सांगून टाकतो. त्यांचा हा रस गाळून, बाटल्यांत भरून अपचनाच्या रोग्यांना औषध म्हणून विकलाही जात असे आणि त्यातून प्रयोगशाळेला बरे पैसे मिळत. पचनावरच्या या कामासाठी १९०४ साली पावलोव्ह यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

घंटा वाजली की लाळ गाळणारं कुत्रं सगळ्यांना ठाऊक असतं. खरं तर घंटेपेक्षा ठोके देणारं मेट्रोनोम यंत्र, दिवे, कातडीला केलेला स्पर्श असल्या खुणा तिथे जास्त वापरल्या गेल्या. पण मला त्या प्रयोगशाळेतली दुसरीच एक गोष्ट विसरता येत नाही. भुकेल्या कुत्र्याला दुरून मांसाची पूड दाखवायची आणि द्यायची नाही. पहिल्यांदा लाळेचे भरपूर थेंब पडतात. काही मिनिटांनी पुन्हा दाखवली, तर कमी. मग आणखी कमी. अखेर मांस समोर आहे, कुत्रं भुकेलं आहे, आणि तोंड कोरडं. वचन मोडलं गेलं, हे शरीराने ओळखलेलं असतं. मात्र कुत्र्याला तासा-दोन तासांची विश्रांती मिळाली, की कुणी काही न शिकवता ती लाळ पुन्हा परत येते.

पुढे खुद्द पावलोव्ह यांच्या दारात भूक आली. राज्यक्रांतीनंतरच्या यादवी युद्धात पेट्रोग्राड शहर ओस पडू लागलं. वीस लाखांहून अधिक वस्तीचं ते शहर १९२०पर्यंत सात-आठ लाखांवर आलं. प्रयोगशाळेतली कुत्री उपासमारीने मेली. त्या वर्षी इंग्रज लेखक एच. जी. वेल्स पावलोव्ह यांना भेटायला गेले, तेव्हा सत्तरी ओलांडलेला हा नोबेलविजेता जुना कोट घालून बसला होता आणि अभ्यासिकेत बटाटे न् गाजरांचे ढीग होते. ते त्यांनी स्वतः पिकवलेले होते! १९२१च्या जानेवारीत लेनिन यांच्या सहीचा हुकूम निघाला, आणि त्यात पावलोव्ह यांच्यासाठी खास शिध्याची तरतूद झाली. भुकेवर जगाला धडे देणाऱ्यालाही शिध्यासाठी हुकमाची वाट पाहावी लागली.

ही हकिकत मी वाचली तेव्हा मला पेट्रोग्राडपेक्षा आमचं सोलापूरकडचं माळरान जास्त दिसत होतं. १९७२चा दुष्काळ. मी कडेवरचा, अम्मा दुष्काळी कामावर खडी फोडायला. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे पन्नास लाख माणसं अशा कामांवर होती. पोटाला सुकडी आणि मिलो मिळे. अम्मा सांगायची, मुकादमाच्या राहुटीत दुपारी कालवणाला फोडणी पडायची. पहिले काही दिवस बायका हातोडी थांबवून तिकडे बघायच्या, पदर तोंडाला लावायच्या. महिन्याभराने कुणी मान वर करेना. ‘वास यायचाच बंद झाला,’ ती म्हणायची. वास तर येत असणारच. आपल्याकडे ‘अन्नावरची वासना उडाली’ म्हणतात. व्युत्पत्तीच्या वादात मी शिरत नाही, पण या ‘वासने’त मला कवी म्हणून ‘वास’ ऐकू येतो.

रोज्याची भूक आणि दुष्काळाची भूक यांच्यातला फरक मला इथे कळला. रोज्यात संध्याकाळ ठरलेली असते. सूर्य आपलं वचन पाळतो, म्हणून अजानच्या आधी तोंड ओलं होतं. खडी फोडणाऱ्या बाईची संध्याकाळ कुणी ठरवून दिली होती?

१९७३चा पाऊस बरा झाला. त्या वर्षी रमजान ऑक्टोबरात आला होता आणि नवी बाजरीही त्याच सुमारास घरात आली. अम्माने रोज्यातच ती दळली आणि संध्याकाळी पहिली भाकरी तव्यावर टाकली. भाकरी फुगली, तिचा पापुद्रा सुटला, वाफ वर आली. अजानला अजून थोडा वेळ होता. तिच्या तोंडाला इतकं पाणी सुटलं, की सासूसमोर लाज वाटून तिने तोंड फिरवलं. आमची दादी काही बोलली नाही. तीही पदराने ओठ पुसत होती.