बायजा, बैजा की बैज़ा? एका नावाचा माग

मोतीमहालाजवळचा बैजाताल ग्वाल्हेरात कोणाला ठाऊक नाही? मागच्या थंडीत तिथे एका कॉलेजच्या मुलाला विचारलं, हे नाव कोणाचं रे? तो ठामपणे म्हणाला, "बैजू बावरा का।" हसू आलं. पण घरी येईपर्यंत वाटायला लागलं की चूक त्याची नाही, नावच असं झिजलंय की आत कोण आहे ते दिसत नाही.

आत आहेत बायजाबाई शिंदे. जन्म १७८४, कागलच्या घाटग्यांच्या घरात; वडील सखाराम, म्हणजे सर्जेराव घाटगे. १७९८ मध्ये पुण्यात दौलतराव शिंद्यांशी लग्न झालं. १८२७ मध्ये दौलतराव वारल्यावर बाईंनी जनकोजीरावांना दत्तक घेतलं आणि १८३३ पर्यंत कारभार स्वतःच्या हाती ठेवला. काशीच्या ज्ञानवापीवरचा खांबांचा मंडप त्यांनीच १८२८ मध्ये बांधून घेतला. १८६३ मध्ये त्या वारल्या.

आता अडचण सांगतो. मराठी कागदांत बायजाबाई, हिंदीत बैजाबाई, इंग्रजीत झेड घालून बैज़ा. एका संग्रहाच्या सूचीत तर मला 'बैजा बाई' आणि 'बायजाबाई शिंदे' अशा दोन वेगळ्या नोंदी मिळाल्या, जणू दोन बाया! एकीखाली हद्दपारीनंतरची पत्रं, दुसरीखाली कारभाराची. पहिलीच नोंद पाहून उठलेल्या वाचकाला निम्मी बाईच भेटणार. म्हणून आपल्या मंडळाच्या नामसूचीत कोणतं रूप मुख्य ठेवायचं, हे नीट ठरवायला हवं.

बायजा हे दख्खनचं अस्सल घरगुती नाव. साईबाबांना भाकरी नेऊन देणारी शिर्डीची बायजाबाई कोते आठवा. आमच्या लष्करातल्या वाड्यात आजी हे नाव घ्यायची तेव्हा तिचा 'ज' दंत्य असायचा, 'जाऊ'मधला, 'जिलबी'तला नव्हे. गंमत अशी की देवनागरीत काय नि मोडीत काय, दोन्ही 'ज' एकाच अक्षराने लिहितात. म्हणजे उच्चार आपल्याच लिपीत लपून राहतो.

आणि तो टिकवला कोणी, तर इंग्रजांनी! एरवी शिंदेंचं 'सिंधिया' करणारे तेच. फॅनी पार्क्स ही इंग्रज बाई १८३५ मध्ये फतेहगडला बायजाबाईंच्या छावणीत जाऊन राणीवशात बसली, घोडेस्वारीच्या गप्पा मारून आली. १८५० मध्ये तिचं प्रवासवर्णन छापलं गेलं, त्यात नाव झेडनेच आहे. कोणी म्हणेल, ही फारसी मुनशींची करामत, 'बैज़ा' म्हणजे फारसीत पांढरी. मला हे पटत नाही. कागलच्या मराठा घरात मुलीला असं नाव कशाला ठेवतील? शिवाय मुनशीकडे साध्या 'ज'साठी वेगळं अक्षर होतंच. त्याने 'ज़े' निवडला असेल तर कानावर दंत्य 'ज' पडला म्हणूनच. झेड मुनशीकडून आला असो की थेट कानाने, दोन्ही वाटा मराठी उच्चाराकडेच जातात.

हिंदीने 'बाय'चं 'बै' केलं, 'ज' तालव्य केला, आणि मग बैजूला जागा झाली. असं इतरत्रही होतं. स्वीडनची मध्ययुगीन संत बिर्गित्ता (१३०३–१३७३) इंग्रजीत ब्रिजेट झाली आणि तिच्या कितीतरी शतकं आधीच्या आयर्लंडच्या ब्रिजिडशी तिची गल्लत होऊ लागली. तिथले अभ्यासक म्हणून 'बिर्गित्ता' हेच रूप धरतात आणि बाकीची रूपं खाली देतात.

माझी सूचना तीच. मुख्य नोंद 'बायजाबाई शिंदे', उच्चार दंत्य. 'बैजाबाई' आणि 'बैज़ा बाई' या दोन्हींखाली 'बायजाबाई पाहा'. तलावाचं नाव मात्र बैजातालच राहू द्या. दीडशे वर्षांहून जास्त काळ ग्वाल्हेरची जीभ त्यावरून फिरली आहे, तोही पुरावाच झाला. फक्त नोंदीत तळ्यापुढे 'बायजाबाईंवरून' एवढं लिहावं, आणि पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांचा उच्चार कानात साठवून आणावा.