स्वमग्नता : उशिरा ऐकलेली साक्ष

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांना १९३८ साली मिसिसिपीतील एका वकिलाचे ३३ टंकलिखित पानांचे पत्र आले. विषय होता त्याचा मुलगा, डोनाल्ड ट्रिप्लेट. आईबाप दिसल्याचा त्याला हर्ष नव्हता, वस्तू गरगर फिरविण्यात मात्र तो तासन्‌तास रमे. १९४३ साली कॅनर यांनी ११ मुलांवर निबंध लिहून या अवस्थेला नाव दिले. त्यातले पहिले मूल हेच. म्हणजे त्या निबंधाच्या मुळाशी एका बापाचे निरीक्षण होते.

पुढे मात्र साक्षीदारच आरोपी झाले. पालकांच्या थंडपणाची भाषा खुद्द कॅनर यांनी १९४९ साली वापरली. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ साली तिचा ग्रंथ केला. आईच कारण ठरल्यावर तिला काय दिसले, हे कोण विचारणार? (‘स्वमग्नता’ हा आपला शब्दही मुलावर आत्ममग्नतेचा किंचित दोष ठेवतोच, असे आम्हांला वाटते.) हा आरोप खोडला तो बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, १९६४ साली. तो स्वतः स्वमग्न मुलाचा बाप. त्याच्या ग्रंथाला प्रस्तावना कॅनर यांची!

उपचार लवकर सुरू करण्याला बळ आले ते १९८७ साली. आठवड्याला ४० तास शिकविलेल्या १९ मुलांपैकी ९ जण सर्वसाधारण वर्गात गेले, असे इव्हार लोवास यांनी मांडले. हा आकडा गाजला. त्या शिकवणीत मांडीवर चापटी मारणेही होते, हे सांगितल्याशिवाय तो आकडा उद्‌धृत करू नये.

पण लवकर ओळखायचे कशावरून? ब्रिटनमधील सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली जी खूण धरली, ती आपल्या अंगणातली आहे. कडेवरचे मूल ‘काऊ’कडे बोट दाखवते, ते कावळा हवा म्हणून नव्हे, आईनेही पाहावे म्हणून. दीड वर्षाचे मूल असे बोट दाखवत नसेल, दुसऱ्याची नजर जिकडे जाते तिकडे पाहत नसेल, लुटुपुटीचा खेळ खेळत नसेल, तर पुढील तपासणी करावी. ‘मुलगा आहे, बोलेल उशिरा’ हे आजीचे आश्वासन इथे घातक ठरते.

तरीही १६,००० हून अधिक मुलांच्या पाठपुराव्यात ही चाळणी विरळ निघाली. पुढे स्वमग्न ठरलेली बरीच मुले दीड वर्षाच्या वयात तिच्यातून निसटली होती. अमेरिकेत २००१ साली तिची सुधारित आवृत्ती आली. तिच्यातून आरोग्यसेविकेचे निरीक्षण वगळले गेले. उरले २३ प्रश्न, आणि ते सगळे पालकांना विचारायचे.