संशोधकाची परीक्षा आणि पाण्याचा प्रश्न

औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, पूर्वेस जालना रस्त्यालगतची मुकुंदवाडी हे एके काळी स्वतंत्र खेडे होते. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आणि सिडकोची नवी वस्ती यांच्या विस्तारात ते शहरात विरून गेले. २०१९ च्या टंचाईत या मुकुंदवाडीचे नाव परदेशी वृत्तपत्रांपर्यंत पोहोचले, ते तेथील मुलांमुळे. रेल्वे स्थानकाजवळच्या वस्तीतील ही मुले रिकामी भांडी घेऊन आगगाडीत चढत, औरंगाबाद स्थानकावर ती भरून घेत आणि गाडीनेच परत येत. जाऊनयेऊन सुमारे १४ किलोमीटरचा हा प्रवास होता. ज्या जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसली, त्याचा विस्तीर्ण जलाशय तेथून पन्नासएक किलोमीटरवर आहे.

अशा वस्तीखालच्या बेसाल्ट खडकात किती पाणी मुरते आणि किती उपसले असता ते पुढच्या पिढीस उरेल, हा शाश्वततेचा प्रश्न होय. पदव्युत्तर विज्ञान विद्यार्थ्याने हाती घ्यावा असाच तो आहे. तथापि तो हाती घेणाऱ्याच्या पोटाची सोय आजवर कोणी केली व कोणत्या अटींवर केली, याचा इतिहास फारसा कोणी पाहत नाही.

महाराष्ट्रात विद्येस द्रव्यसाहाय्य करण्याची परंपरा जुनी आहे. दाभाड्यांनी तळेगावी सुरू केलेली व पुढे पेशव्यांनी पुण्यात वाढविलेली श्रावणातील दक्षिणा हा तिचा ठळक नमुना. १८१८ नंतर एल्फिन्स्टनने ती एकदम बंद केली नाही; १८२१ मध्ये पुण्यास संस्कृत पाठशाळा निघाली, ती याच धोरणाचा भाग म्हणून. या निधीचा काही भाग मराठी ग्रंथरचनेकडे वळवावा, असा अर्ज १८४९ मध्ये पुण्यातील सुधारकांनी केला तेव्हा शहरात मोठी खळबळ उडाली. पुढे याच निधीतून दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर व महादेव गोविंद रानडे हे दोघेही दक्षिणा फेलो होते. या दीर्घ स्थित्यंतरात दान घेणारा बदलला, विषय बदलले, दाताही बदलला; एक गोष्ट मात्र टिकून राहिली. परीक्षा व्हावयाची ती माणसाच्या विद्वत्तेची. त्याने कोणता प्रश्न सोडवावा, हे विचारण्याची प्रथा नव्हती.

जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये स्थापलेल्या निधीचे तत्त्व थोडे निराळे होते. ही शिष्यवृत्ती कर्जरूप होती. एकाने फेडलेल्या पैशातून दुसऱ्याने विलायतेस जावे, अशी ती योजना. डॉ. कृष्णाबाई केळवकर या तिच्या अगदी आरंभीच्या लाभार्थींपैकी एक. पण येथेही निवड व्यक्तीचीच होती.

मराठवाड्यास यांपैकी दक्षिणेचा लाभ होण्याचे कारण नव्हते, कारण हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. औरंगाबादेत १९२३ मध्ये शासकीय महाविद्यालय निघाले आणि १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले. मराठवाडा विद्यापीठ मात्र १९५८ मध्ये स्थापन झाले. म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद (१९४२) आणि विद्यापीठ अनुदान आयोग (१९५३) या संस्था उभ्या राहिल्यानंतर येथे विद्यापीठ आले. उशिरा आलेल्या विद्यापीठास ठरलेल्या नियमांतच आपली जागा शोधावी लागते.

ते नियम कसे होते? १९८० च्या दशकापासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी अखिल भारतीय परीक्षा घेतली जाऊ लागली. १ जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये झाली. ही रक्कम मोठी आहे हे मान्य केले पाहिजे. परंतु परीक्षा उत्तीर्ण न होणाऱ्यांसाठी आयोगाने जी वेगळी वृत्ती ठेवली होती (पीएच.डी.साठी दरमहा ८,००० रुपये), ती केंद्रीय विद्यापीठांपुरती होती. २०१५ च्या ऑक्टोबरात ती बंद करण्याचे घाटत होते, तेव्हा दिल्लीत विद्यार्थ्यांनी आयोगाच्या कार्यालयापुढे ठाण मांडले. औरंगाबादसारख्या राज्य विद्यापीठातील विद्यार्थ्यास जे मुळात मिळतच नव्हते, त्याच्या रक्षणासाठी ते आंदोलन होते! बार्टी, सारथी (२०१८) व महाज्योती (२०१९) यांच्या अधिछात्रवृत्त्यांनी ही उणीव काही अंशी भरून काढली, आणि मराठवाड्यातील अनेक घरांत पहिला पीएच.डी. पदवीधर त्यांच्या आधारे घडत आहे. मात्र येथेही पात्रता ठरते ती विद्यार्थ्याच्या प्रवर्गावरून व गुणांवरून.

विषयांची विभागणी हीसुद्धा अडचणच आहे. परिषदेची परीक्षा रसायन, भू, जीव, गणित व भौतिक या पाच शास्त्रसमूहांत होते. पर्यावरणशास्त्र आयोगाच्या परीक्षेत निराळे बसते. विहिरीतील पाण्याचा अभ्यासक मग भूशास्त्रज्ञ म्हणून बसावा की रसायनशास्त्रज्ञ म्हणून? पाणी स्वतः अशी विभागणी करीत नाही.

याहून मोठी अडचण काळाची आहे. बेसाल्टमध्ये पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात व भेगांत. हा साठा मर्यादित असून एका पावसाळ्यात भरतो व एका उन्हाळ्यात रिता होतो. त्याचे वर्तन समजण्यास चांगली व वाईट अशी दोन्ही प्रकारची वर्षे निरीक्षणात यावी लागतात. अधिछात्रवृत्तीची मुदत मात्र पाच वर्षांची. २०२० मध्ये नोंदणी केलेल्या विद्यार्थ्यास २०२०, २०२१ व २०२२ ही तिन्ही वर्षे चांगल्या पावसाची मिळाली. अवर्षण आले ते २०२३ मध्ये, म्हणजे बहुतेकांची क्षेत्रीय निरीक्षणे आटोपून लेखन सुरू होण्याच्या सुमारास. अशा प्रबंधातील निष्कर्ष खोटे नसतात, पण ते सुकाळाचे असतात.

दुष्काळ ओसरल्यावरही मोजमाप चालू ठेवण्याचे काम महाराष्ट्रात प्रामुख्याने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने केले आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास उभी राहिलेली ही यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. विद्यार्थी येतो आणि जातो. विहीर तीच राहते. एकाच विहिरीवर एकामागून एक तीन-चार विद्यार्थी बसवावेत, प्रत्येकाने मागच्याची वही पुढे चालवावी आणि पदवी प्रत्येकास स्वतंत्र मिळावी, अशी वृत्ती, म्हणजे व्यक्तीस नव्हे तर प्रश्नास बांधलेली वृत्ती, विभागाच्या पातळीवरही देता येण्याजोगी आहे. तिच्यासाठी लागणारी पहिली वही कित्येक विभागांच्या कपाटात आधीच पडून असेल.