पोटातील विरजण

दुधाला विरजण लावावयाचे झाल्यास चमचाभर ताक पुरते. परंतु भांडे कसे होते, दूध किती कोमट होते आणि ताक कोणत्या घरचे होते, यांवर दही गोड लागेल की नासेल हे ठरते. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या सीमाभागातील कोणत्याही गृहिणीला हे सांगावयास नको. तान्ह्या मुलाच्या पोटाचीही गोष्ट पुष्कळशी अशीच आहे. शास्त्राला मात्र ती कळू लागावयास एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली, आणि तिचा उलगडा अजूनही चालू आहे. दरम्यानच्या काळात हगवणीने किती पाळणे रिकामे केले याची गणती नाही. म्हणूनच या शोधाचा इतिहास केवळ पंडितांचा नव्हे, तो घराघरांचा आहे.

पूर्वी लेकराला जुलाब होऊ लागले की वडीलधाऱ्यांचा पहिला सल्ला असे, तो पोटाला विश्रांती देण्याचा. दूध बंद, पाणी बंद, अन्न तर नाहीच. काही खेड्यांतून पोटावर तापल्या सळईचे डागही दिले जात. डोळे खोल गेले, टाळू बसली, जीभ कोरडी पडली, की दृष्ट लागली असे समजून मीठमोहऱ्या ओवाळल्या जात. बाळंतिणीचे पहिले पिवळसर दूध, म्हणजे चीक, जड असतो म्हणून तो पिळून टाकण्याची आणि नवजात बाळाला मधाचे बोट किंवा गुटी चाटविण्याची चाल अनेक घरांत होती. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत मजुरीस जाणाऱ्या बाईची अडचण तर वेगळीच. तान्हे मूल घरातील म्हातारीजवळ सोपवून जावे लागले, की अंगावरचे दूध तुटे आणि वरचे दूध, वरचे पाणी सुरू होई. यात मायेची उणीव नव्हती. उणीव होती ज्ञानाची, आणि ते ज्ञान त्या काळी मोठमोठ्या डॉक्टरांपाशीही अपुरेच होते.

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात पटकीचा जंतू ओळखला. त्यानंतर एकाच वर्षाने, १८८५ मध्ये, थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञांनी म्युनिक येथे तान्ह्या मुलांच्या मळातील जंतूंचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी केवळ आजारी मुले तपासली नाहीत, निरोगी मुलेही तपासली. जन्मानंतर थोड्याच अवधीत प्रत्येक बाळाच्या आंतड्यांत जंतूंची वस्ती होते आणि बाळाला काय पाजले जाते त्यानुसार ती बदलते, असे त्यांना दिसून आले. त्यांनी शोधलेल्या जंतूला पुढे १९१९ साली त्यांचेच नाव मिळाले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हेन्री टिसिए यांनी १८९९ मध्ये अंगावर पिणाऱ्या बाळाच्या मळातून दोन फाटे फुटलेला एक जंतू वेगळा केला आणि जुलाब होणाऱ्या मुलांना तो द्यावा असे सुचविले. जंतू म्हणजे शत्रू, ही समजूत येथे प्रथम ढळली.

या दोन फाट्यांच्या जंतूचे आईच्या दुधाशी काय नाते आहे, हे पुष्कळ पुढे उमगले. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. मग त्या असतात कशासाठी? तर त्या या जंतूंचे अन्न होत. आई बाळाला पाजते तेव्हा ती त्याच्या पोटातील या उपकारी वस्तीलाही पाजत असते. आणि जो चीक पिळून टाकला जात असे, त्यात तर रोगप्रतिकारक द्रव्ये ओतप्रोत भरलेली असतात.

नव्या विचाराच्या मागोमाग अवास्तव आशाही येतेच. रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी बल्गेरियातील शेतकऱ्यांचे दीर्घायुष्य त्यांच्या आंबट दुधामुळे आहे असे १९०७ च्या सुमारास प्रतिपादिले. १९०८ साली त्यांना वेगळ्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्यांच्या नावाच्या वजनाने युरोपात दह्याच्या गोळ्या व बाटल्या खपू लागल्या. परंतु त्या दह्यातील जंतू माणसाच्या आंतड्यांत मुक्कामच करीत नाहीत, असे १९२० च्या दशकात प्रयोगांनी दाखविले. सीमाभागातील ताक आणि आंबील हे उत्तम अन्न होय यात शंका नाही. पण उत्तम अन्न आणि रामबाण औषध या दोन गोष्टी एक नव्हेत.

उपकारी जंतूंची ही चर्चा चालू असता मुले मात्र मरतच होती, आणि मरत होती ती बहुधा अंगातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. शिरेतून सलाईन देणे हा उपाय ठाऊक होता. पण बाटल्या, सुया आणि शिकलेले हात खेड्यात कोठून आणावयाचे? कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी पटकीच्या रोग्यांना तोंडानेच क्षारजल दिल्याचा अनुभव १९५३ साली प्रसिद्ध केला, पण त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी त्यामागील शास्त्र मांडले. आंतड्याच्या अस्तरात जणू एक जोडदार आहे. साखर आणि मीठ हातात हात घालून आली तरच तो दोघांना आत घेतो, आणि त्यांच्या पाठोपाठ पाणी आत जाते. जुलाब कितीही होत असले तरी हे दार सहसा बंद पडत नाही. १९६८ साली डाक्क्यात डेव्हिड नेलिन व रिचर्ड कॅश यांनी रोग्यांवर याची प्रचीती घेतली.

खरी कसोटी लागली ती १९७१ साली. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांत पटकी पसरली. सीमेवरील बनगाव येथील रुग्णालयात रोगी जमिनीवर पडलेले, आणि सलाईनचा साठा संपत आलेला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांच्या पुड्या करवून पाण्यात कालविल्या, पिंपे भरून ठेविली आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच ते पाणी पाजावयास सांगितले. अशा छावण्यांतून शेकडा ३० पर्यंत चढलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या रुग्णालयात शेकडा ४ च्याही खाली आले. औषध आईच्या, बहिणीच्या हाती गेले. हीच या घटनेतील क्रांती होय. डॉ. महालनबीस २०२२ साली निवर्तले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

बेळगावला या शास्त्राची ओळख नवी नाही. श्रोत्यांपैकी पुष्कळांना टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपो ठाऊक असेल. मुंबई इलाख्याच्या काळात देवीची लस तेथे तयार होत असे. १९६३ साली के. एल. ई. संस्थेने शहरात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय काढले. या महाविद्यालयाच्या संशोधकांनी अलीकडे कांगो, ग्वातेमाला आणि पाकिस्तान येथील सहकाऱ्यांसमवेत एक मोठा प्रयोग केला. बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांतील स्त्रियांना गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून पोषक पूरक आहार देण्यात आला. अशा स्त्रियांची बाळे जन्मतः थोडी अधिक लांबीची भरली, असे २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास येथील आणि कांगोतील स्त्रियांच्या पोटातील जंतूंची तुलनाही करण्यात आली, तेव्हा दोहोंतील भेदाचा संबंध मुख्यतः त्यांच्या रोजच्या आहाराशी लागला. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील संशोधकांनाही भारतीयांच्या पोटातील वस्ती पाश्चात्त्यांहून वेगळी आढळली. म्हणजे परदेशातील निष्कर्ष येथे डोळे मिटून लावता येत नाहीत.

मग जंतूंचे विरजण बाहेरून लावता येते काय? ओडिशातील खेड्यांत साडेचार हजारांहून अधिक निरोगी नवजात बालकांवर झालेल्या प्रयोगाचे फळ २०१७ साली जाहीर झाले. सात दिवस उपकारी जंतू व त्यांचे अन्न असलेली शर्करा दिलेल्या मुलांत जंतुदोष किंवा मृत्यू शेकडा ५.४ ठरला, न दिलेल्यांत तो ९ होता. परंतु २०१८ साली अमेरिका व कॅनडा येथे जुलाबाने आजारी मुलांना अशाच प्रकारच्या जंतूंची औषधे देऊन पाहिली, तेव्हा नुसत्या निरुपद्रवी भुकटीपेक्षा त्यांचा अधिक उपयोग दिसला नाही. जंतू वेगळे, वय वेगळे, प्रसंग वेगळा. विरजण दूध नासण्यापूर्वी लावावयाचे असते, नासल्यावर नव्हे.

डाक्क्यातील झोपडवस्तीत तर संशोधकांनी जंतू न देता त्यांचे अन्नच दिले. कुपोषित मुलांच्या पोटातील वस्ती वयाच्या मानाने अपक्व राहते, हे २०१४ मध्ये दिसून आले होते. २०२१ साली हरभरा व सोयाबीनचे पीठ, शेंगदाणे आणि कच्ची केळी यांच्या मिश्रणावर वाढलेल्या मुलांनी नेहमीच्या, अधिक उष्मांकाच्या पूरक आहारावरील मुलांपेक्षा वजन चांगले धरले. हे सर्व जिन्नस निपाणीच्या आठवडी बाजारात मिळतात, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

इतक्या वाटचालीनंतर शास्त्राने घराला दिलेला उपदेश साधाच आहे. जुलाब लागताच क्षारसंजीवनीची पुडी पुडीवर सांगितलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात कालवून घोट घोट पाजावी. पुडी नसेल तर उकळून निवविलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मिठाचे माप वाढू देऊ नये. अंगावरचे दूध आणि नेहमीचे अन्न तोडू नये. जस्ताची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने दहा ते चौदा दिवस द्यावी. प्रतिजैविक औषधे मनाने देऊ नयेत, कारण ती शत्रूबरोबर मित्रांचीही वस्ती उठवितात. मळात रक्त दिसले, मूल मलूल झाले, पाणी पिईनासे झाले किंवा लघवी बंद झाली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. रोटाव्हायरसची लस २०१६ पासून सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली आहे. तीही चुकवू नये.

दुकानात उपकारी जंतूंच्या रंगीत पुड्या महाग मिळतात, आणि आशा कार्यकर्ती दारात आणून देते ती क्षारसंजीवनीची पुडी फुकट असते. फुकट मिळाले म्हणून ते हलके, हा समज मात्र जीवघेणा ठरू शकतो. बनगावच्या जमिनीवर माणसे जगली ती पिंपातल्या साखर-मिठाच्या पाण्यावर. पोटातील विरजण नीट लागावयास पुढे सबंध बालपण आहे. पण त्यासाठी लेकराने आजची रात्र तरून जावयास हवी, आणि ते सामर्थ्य आईच्या हातातील वाटी-चमच्यात आहे.