शीत समुद्रावरील शेगडी

समुद्राचा इतिहास म्हटला म्हणजे वादळें, लढाया आणि नव्या भूमींचे शोध यांचीच आठवण होते. नौकेच्या पोटांत पेटणाऱ्या लहानशा शेगडीचा इतिहास सहसा कोणी विचारीत नाहीं. परंतु उत्तर अटलांटिकच्या गोठविणाऱ्या पाण्यावर ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या मासे धरले, त्यांना ही शेगडी शिडाइतकीच मोलाची वाटे. थंडीनें बधिर झालेल्या हातास दोर धरवत नाहीं, आणि रात्रभर कुडकुडलेल्या सुकाण्याचें लक्ष ठिकाणावर राहत नाहीं. म्हणून नौकेवर ऊब कशी आणावी, हा प्रश्न चैनीचा नसून जिवाचा होता.

आरंभीं नौकेस खोलीच नव्हती. नॉर्वेच्या उत्तर भागांत लोफोटेन बेटांपाशीं दर हिंवाळ्यांत कॉड मासे अंडीं घालण्यास येतात, आणि जानेवारीपासून एप्रिलपर्यंत तेथें मासेमारी चालते. जुन्या काळीं कोळी तेथें उघड्या होड्यांतून जात. अशा होडींत विस्तव ठेवावा कोठें? ऊब किनाऱ्यावरच ठेवणें भाग होतें. इ. स. ११२० च्या सुमारास राजा ऑयस्टाईन यानें बाहेरगांवच्या कोळ्यांसाठीं तेथें झोंपड्या बांधविल्या. त्यांस ‘रोरबू’ म्हणत. दिवसभर समुद्रावर भिजावें आणि सायंकाळीं रोरबूंत येऊन शेकावें, असा क्रम शतकानुशतकें चालला.

परंतु जेथें किनारा दूर राहतो तेथें हा उपाय चालत नाहीं. न्यू फाउंडलंडजवळील उथळ समुद्रावर अमेरिकेचीं व कॅनडाचीं स्कूनर गलबतें आठवडेच्या आठवडे राहत. तेव्हां विस्तवास गलबतावर यावें लागलें. नाळेकडील खोलींत लोखंडी चूल बसवीत. तीच अन्न शिजवी, तीच खोली उबदार ठेवी आणि तिच्याच भोंवतीं ओले मोजे वाळत. मासे धरण्यासाठीं मात्र खलाशांना दोघादोघांनीं ‘डोरी’ नांवाच्या लहान होडींतून गलबतापासून दूर जावें लागे.

ह्या चुलीपासून अंतर पडलें म्हणजे काय होई, हें १८८३ सालच्या जानेवारींत हॉवर्ड ब्लॅकबर्न याच्या अनुभवानें जगास कळलें. हिमवादळांत त्याची डोरी गलबतापासून तुटली. सोबती थंडीनें मरण पावला. आपले हात गोठणार हें ओळखून ब्लॅकबर्ननें बोटें वल्ह्यांभोंवतीं वळवून तशींच गोठूं दिलीं, आणि त्या आंकड्यांनीं वल्हीं ओढीत पांच दिवसांनीं न्यू फाउंडलंडचा किनारा गांठला. जीव वांचला, पण हातांचीं सर्व बोटें गेलीं.

१८८० नंतर वाफेवर चालणारे ट्रॉलर समुद्रावर दिसूं लागले. बॉयलर पेटलेलाच असल्यामुळें वाफ नळ्यांतून खोल्यांपर्यंत नेणें शक्य झालें. पुढें तेलावरील एंजिनें आलीं. डीझेल एंजिनांत जळणाच्या उष्णतेपैकीं निम्म्याहून अधिक भाग नौका चालविण्याच्या कामीं येत नाहीं. तो धुरावाटे व एंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यावाटे निघून जातो. तें ऊन पाणी खोलींतील नळ्यांतून फिरविलें कीं ऊब जवळजवळ फुकट मिळते. उणीव एवढीच कीं, एंजिन थांबलें म्हणजे ऊबही थांबते. आणि नांगर टाकून निजण्याच्या वेळींच तिची गरज अधिक.

म्हणून दुसरीं साधनें पुढें आलीं. एका शेगडींत डीझेल थेंबथेंब पात्रांत उतरून जळतें. तिला विजेची गरज नसते, आवाजही नसतो. पण धुराडें पुरेसें उंच हवें, नाहीं तर वाऱ्याचा झोत धूर उलटा खोलींत आणतो. दुसऱ्या प्रकारचें यंत्र ज्वलनासाठीं बाहेरची हवा नळीनें घेतें, धूर बाहेरच सोडतें आणि खोलींतील हवा निराळ्या मार्गानें तापवितें. हें सुरक्षित खरें, पण त्याचा पंखा विजेवर फिरतो. बॅटरी संपली कीं तें बंद पडतें.

ज्या साधनास धुराडेंच नाहीं तें मात्र उबेसाठीं कधींही वापरूं नये. एक किलो गॅस जळला म्हणजे दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ होते. ती थंड भिंतींवर साचून अंथरूण ओलें करते. पण ओलें अंथरूण हा लहान दोष. हवा अपुरी पडली म्हणजे कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायु तयार होतो. त्यास वास नाहीं, रंग नाहीं. बंद खोलींत पेटती शेगडी ठेवून निजूं नये, असें आपल्याकडील वडील माणसें सांगत, त्याचें कारण हेंच. २०१४ सालच्या जानेवारींत इंग्लंडमधील व्हिट्बी येथें एश्कोल नांवाच्या मासेमारी नौकेवर दोन कोळी मृतावस्थेंत आढळले. खोली तापविण्यासाठीं गॅसच्या चुलीचा भाजण्याचा भाग पेटविलेला होता. ह्या वायूची सूचना देणारें यंत्र नौकेवर नव्हतें. नौका भर समुद्रांत नव्हती, वादळही नव्हतें. त्या दोघांचा घात उबेनेंच केला.

नऊशें वर्षांच्या ह्या इतिहासाचा बोध तीन प्रश्नांत सांगतां येतो. हा विस्तव श्वास कोठून घेतो? त्याचा धूर कोठें जातो? आणि एंजिन किंवा वीज बंद पडल्यास रात्र कशी निभावेल? किंमत, आकार व जळणाचा खर्च यांचा विचार त्यानंतर. बाहेरची थंडी अंगास बोंचते, म्हणून माणूस तिच्यापासून सावध राहतो. खोलींतील विषारी वायु बोंचत नाहीं. म्हणून त्याची काळजी झोंपण्यापूर्वींच घ्यावी लागते.