कास पठार

सातारा शहराच्या पश्चिमेस सुमारे 25 किमी.वर, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,200 मी. उंचीवर पसरलेले जांभ्या खडकाचे पठार. 2012 मध्ये पश्चिम घाटातील ज्या स्थळांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यांत कासचा समावेश आहे. येथे सपुष्प वनस्पतींच्या सुमारे 850 जाती नोंदल्या गेल्या आहेत.

उन्हाळ्यात हा सडा इतका उजाड दिसतो की, त्याची ख्याती खोटी वाटावी. कातळावर मातीचा थर जेमतेम काही सेंमी. असतो, त्यामुळे झाडे रुजत नाहीत. पावसाळ्यात मात्र पाणी साचून राहते आणि गवते व वर्षायू वनस्पती फोफावतात. उथळ डबक्यांत वायतुरा हा सह्याद्रीपुरताच मर्यादित कंद उगवतो. नत्राची वाण असल्याने काही वनस्पती कीटकांवर गुजराण करतात: दवबिंदूच्या पानांवरील चिकट केसांत किडे अडकतात, तर सीतेची आसवे ही जांभळ्या फुलांची वनस्पती सूक्ष्म जीव पिशव्यांत ओढून घेते. गेंद, तेरडा, कावळा यांचे ताटवे ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये दिसतात. टोपली कारवी अनेक वर्षांच्या अंतराने एकदम फुलते.

मलबारी चंडोल उघड्या सड्यावर, तर गवा कडेच्या जंगलात आढळतो.

पर्यटकांना आवरण्यासाठी घातलेले कुंपण वादग्रस्त ठरले. चराई थांबल्याने गवत माजून फुले घटतात, हा अभ्यासकांचा आक्षेप रास्त होता; पुढे कुंपण काढण्यात आले. जवळचा कास तलाव साताऱ्याला पाणी पुरवतो.