नुसत्या एकांची मूळ संख्या

देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे शिकविणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आपल्याला ६१७४ या संख्येमुळे ठाऊक असतात. त्यांनी संख्यांच्या आणखी एका प्रकाराला रेल्वे स्टेशनचे नाव दिले होते : डेमलो, म्हणजे आजचे डोंबिवली. १९३९ साली गुंजीकर यांच्यासमवेत त्यांनी डेमलो संख्यांवर मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात लेखही लिहिला. त्यांतल्या सर्वांत सोप्या संख्या अशा :

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. दहाव्या एकाला मात्र हातचा आडवा येतो आणि ही सुबक रचना मोडते. आता मधल्या ९ नंतर १० लिहा आणि मग पुन्हा ९ पासून उतरा : १२३४५६७८९१०९८७६५४३२१. दिसायला ही आधीच्या संख्येची बहीणच; पण ती पूर्ण वर्ग होती आणि ही वीस अंकी मूळ संख्या आहे! संख्येचे रूप आणि तिचा स्वभाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग ज्यांचे आपण वर्ग केले, त्या नुसत्या एकांच्या संख्या कशा आहेत? ११ मूळ आहे. १११ = ३ × ३७. सहा एकांच्या संख्येला ११ नेही भाग जातो आणि १११ नेही, कारण सहा एकांचे दोन-दोनांचे किंवा तीन-तीनांचे गट पडतात. म्हणजे एकांची संख्या मूळ हवी, तर तिच्यातील एक किती हा आकडाही मूळ हवा. पण तेवढे पुरत नाही :

१११११ = ४१ × २७१
१११११११ = २३९ × ४६४९

अकरा, तेरा आणि सतरा एकांच्या संख्याही फुटतात. एकोणीस एकांची मात्र फुटत नाही. हे १९१८ च्या सुमारास ऑस्कर होपे यांनी दाखविले, तेव्हा संगणक नव्हते. या संख्येचे वर्गमूळ सुमारे १०५ कोटी. तेथपर्यंत भागत बसणे अशक्यच. येथे फर्मा यांचा प्रमेय मदतीला येतो. त्यावरून भाजक असलाच, तर तो ३८ च्या पटीहून १ ने जास्त असला पाहिजे. वरच्या सात एकांवर ताडून पाहा : २३९ आणि ४६४९ या दोन्ही १४ च्या पटीहून १ ने जास्त आहेत.

पुढे तेवीस एकांची संख्या मूळ ठरली. ३१७ एकांची संख्या मूळ असल्याची सिद्धता येण्यास १९७० चे दशक उजाडले, १०३१ एकांची १९८० च्या दशकात आली आणि ४९०८१ एकांची थेट २०२२ साली. अशा मूळ संख्या अनंत आहेत काय, हे अजून कोणी सिद्ध केलेले नाही.

हा पाठ घ्यायला फळा आणि खडू पुरे. तो देवळालीत घेता येतो, तसा वडीगोद्रीतही. मुलांना आधी वर्गांची रचना शोधू द्या. ती दहाव्या ओळीला मोडली की थांबा आणि विचारा : नऊ उदाहरणे जुळली, म्हणून दहावे जुळेलच काय? सिद्धता कशासाठी हवी, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.